आरसा वर असताना

कॅमेरा सेकंडहँड, केल्सोच्या एका दुकानातला,
पट्ट्यावर आधीच्या मालकाच्या मानेचा घाम वाळलेला.
मेनूत सतरा भाषा. त्यांत आपली नाही,
म्हणून मीच त्याला नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी:
मल्टिपल एक्स्पोजर म्हणजे एकावर एक,
मिरर लॉकअप म्हणजे आरसा वर.

आज बेरिकच्या तटावर वारा आहे.
खाली ट्वीडच्या मुखाशी हंस माना आत घालून बसलेत.
ट्रायपॉड हलू नये म्हणून मधल्या दांड्याला
मी कांद्यांची पिशवी अडकवली आहे.

बाकावर एल्स्पेथ पर्व्हिस. वय एक्क्याऐंशी.
म्हणाली, "मला दोन्हीकडे बसव.
डावीकडे मी. उजवीकडे तो बसायचा.
या बाकावर त्याचा एकही फोटो नाही,
म्हणायचा, भरती काय माझ्यासाठी थांबणार आहे?"
तिच्या पर्समध्ये रॉबची टोपी,
सामनची जाळी ओढायच्या दिवसांतली,
कडेला अजून मिठाची पांढरी रेघ.

मी नियम सांगितले.
एक फोटो, मग जागा बदलायची, मग दुसरा.
मध्ये तीस सेकंद. त्याहून उशीर झाला
तर कॅमेरा कंटाळतो, आहे तेवढ्यावर पान मिटतो.
ती म्हणाली, "डावा गुडघा माझा नाहीये, बाई."

पहिल्यांदा जमलं नाही.
दुसऱ्यांदा ती बाकाच्या मध्यावर होती
आणि टोपी वाऱ्याने हिसकली.
तिसऱ्यांदा मी आकडे मोठ्याने मोजले, मराठीत,
आणि ती एकोणीस, वीस, एकवीस अशी सरकत गेली,
फळी हाताने चाचपत,
होडीत उभं न राहता जागा बदलतात तशी.
सव्वीसला टोपी डोक्यावर.

मी बटण दाबलं. आरसा वर गेला.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना सांगते:
आरसा वर गेला की खिडकी काळी होते.
ज्या क्षणासाठी सगळा खटाटोप
तेवढाच काढणाऱ्याला दिसत नाही.
आरशाची थरथर निवू द्यायची,
मग पुन्हा दाबायचं. दोन सेकंद पुरतात.

दोन झाले.
तेवढ्यात ती बोलली. माझ्याशी नाही.
तिच्या त्या बोलीत, जी मला निम्मीच कळते,
आणि पुलावरून एडिंबराची गाडी निघाली होती,
अठ्ठावीस कमानी ओलांडेपर्यंत
काही शब्द बुडवत, काही वर सोडत.
"उशीर" ऐकू आलं. "चहा" ऐकू आलं.
बोट बटणावर, पण दाबवेना.
डोळा काळ्या खिडकीला, काढवेना.

माहितीपुस्तिकेत तळाशी एक ओळ आहे:
आरसा वर ठेवून कुणी काहीच केलं नाही
तर तीस सेकंदांनी कॅमेरा आपण होऊन फोटो घेतो.
वाचली होती. विसरले होते.

खट्.

स्क्रीनवर दोन एल्स्पेथ.
दोघींतून मागचा दगडी तट आरपार दिसतो,
कारण उजेड त्याने दोघींत वाटला आहे,
किटलीत एकच कप उरल्यासारखा.
भरीव फक्त बाक.
डावीकडची समोर बघतेय, फोटोपुरती हसून.
उजवीकडची, टोपीतली, कॅमेऱ्याकडे बघतच नाही.
मान वळवून ती बघतेय डावीकडे,
जिथे तेव्हा कुणीच नव्हतं.

"हा बिघडला," मी म्हणाले, "परत काढू?"

तिने चष्मा कपाळावर चढवला,
स्क्रीन नाकाशी धरली. बराच वेळ.
"अस्संच बघायचा," म्हणाली,
"मी दुसरीकडे बघत असले की.
मला वाटायचं, हवा बघतोय."

टोपी काढायची राहिली तिची.
मी कांदे सोडवले, ट्रायपॉडचे पाय मिटले,
आणि तिच्या दारापर्यंत
वारा येत होता त्या बाजूने चालले.